डबीतला थेंब

"आलं! फूल आलं!"

लाउडस्पीकर कडाडला आणि टिनाच्या मांडवातली चार-पाचशे माणसं एकदम उठून उभी राहिली. मागच्यांना दिसेना, म्हणून त्यांनी पुढच्यांच्या खांद्यांवर हात टेकले. सेवेकऱ्यानं पितळी ताटली उंच धरली. तिच्यात ओल्या कापसावर एक पांढुरका दाणा होता, कडेला काचेसारखा आरपार दिसणारा, मोगऱ्याच्या कळीपेक्षाही लहान. ताटली मांडवभर फिरली आणि बायांनी जागच्या जागी हात जोडले.

मीही जोडले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी शहाणपणाच्या चार गोष्टी सांगणार आहे, आणि त्या सांगणारी बाई त्या दिवशी हात जोडून उभी होती.

मूर्तिजापूरच्या अलीकडे, सडकेपासून आत एका शेतात हा मांडव होता. दर गुरुवारी तिथे फूलमहाराज बसत. बुबुळावर पांढरा डाग पडला की आमच्या वऱ्हाडात डोळ्यात फूल पडलं म्हणतात. हे महाराज ते फूल सुरी न लावता, नुसत्या कापसाच्या बोळ्यानं काढून हातावर देतात, अशी ख्याती अकोल्यापासून अमरावतीपर्यंत गेली होती. आम्हाला तिथे नेलं ते आमच्या शेजारच्या माणिकबाईंनी. मन वाईट नव्हतं त्यांचं. चार दिवस माझ्या पोरीचं कण्हणं भिंतीपलीकडून त्यांनाही ऐकू येत होतं.

आकांक्षा, आमची एकुलती एक. घरात आकू. वय सव्वीस, अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. रविवारी तिचा उजवा डोळा लाल झाला. सोमवारी मेडिकलमधून थेंब आणले. बुधवारपर्यंत तिला खिडकीचा उजेडही सोसेना. बुबुळावर धुरकट पांढरं काहीतरी दिसायला लागलं. गुरुवारी ती डोक्यावरून ओढणी घेऊन, माझा दंड धरून मांडवात बसली होती.

"मी फक्त तुह्यासाठी आली, आई," ती ओढणीतून म्हणाली. "उद्या डॉक्टरकडं जायचं म्हणजे जायचं."

"जाऊ गं. आधी इथं त पाहू."

माझे यजमान खुशालराव दुसऱ्या बाजूला बसले होते. यष्टीत कंडक्टर होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. महाराजांकडे ते ज्या नजरेनं पाहत होते, ती मला ओळखीची होती.

"अठ्ठावीस वर्षं बिनतिकिटवाले पकडले म्या," ते पुटपुटले. "हा त्यातला हाय."

"गप बसा ना जी."

आमची पाळी आली. महाराज पन्नाशीचे, गोरेपान, अंगात भगवी बंडी, आवाज लोण्यासारखा. त्यांनी आकूची ओढणी बाजूला केली आणि माईक जवळ ओढला.

"नाव काय पोरीचं?"

"आकांक्षा. मास्तरीण हाय, महाराज. इज्ञान शिकवते," माणिकबाई माझ्या आधीच बोलल्या.

"इज्ञान!" महाराज माईकमध्ये गोड हसले. "इज्ञान लय चांगलं. पन आपन देवळात जातो तवा चपला कुठं ठेवतो? बाहीर! तसं इज्ञान डोयाच्या बाहीर ठेवा. आत माऊली बसली हाय!"

मांडव खदखदून हसला.

"डाक्टरकडे मशीन, माह्याकडे माऊली! मशीन बिघडते, माऊली बिघडते का?"

"नाई!"

"मशीनले लाइट लागते, माऊलीले लागते का?"

"नाई!"

"बोला, नेत्रमाऊली की..."

"जय!"

एवढं झाल्यावर महाराजांनी बंडीच्या खिशातून जाड भिंगाचा चष्मा काढला, पुसला, नाकावर चढवला आणि आकूच्या डोळ्यात वाकून पाहिलं.

"याच्या डोयातलं फूल कोन काढते मंग?" खुशालराव माझ्या कानाशी म्हणाले. मी त्यांना कोपरानं ढोसलं. आज वाटतं, त्या वाक्यावर मी हसले असते, तर पुढचं पुष्कळ काही वेगळं झालं असतं.

महाराजांनी तांब्याच्या झारीतून डोळ्यात दोन थेंब सोडले. मंत्र म्हणत थोडं थांबले. मग ओला बोळा डोळ्यावर धरला, दाबला, मुठीत फिरवला आणि ताटलीत उलटा केला. पांढुरका दाणा समोर होता.

"आई," आकू म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता. "आई, दुखनं थांबलं."

चार दिवस मी तिच्या तोंडून हे ऐकायला आसुसले होते. मी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"नीट आयक, माय," ते वाकून म्हणाले. "तीन पाकळ्या हायेत. एक निंघाली. अजून दोन गुरुवार येजो. हे फूल मुठीत घे, वाटेत पाहू नको, कोनाले दाखवू नको. दिवस बुडायच्या आत वाहत्या पान्यात सोडजो. अन डाक्टरची पायरी चढली, त पाकळी वापस बसन. मंग माह्याकडे येऊ नको."

परतीच्या वाटेवर बस पुलाशी हळू झाली. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि न बघता ते फूल पुलाखालच्या, उन्हाळ्यानं बारीक झालेल्या धारेत सोडलं. संध्याकाळचा दिवा लावायच्या आत आकूचा ठणका परत आला होता. मी म्हटलं, तीन पाकळ्या आहेत, एकच निघाली. आपण स्वतःला कसं समजावतो, त्याचं मला अजून नवल वाटतं. शुक्रवारी ती डॉक्टरकडे निघाली, तर मी उंबऱ्यात बसले. रडले. तिला शपथ घातली. दुखण्यानं थकलेलं लेकरू, ती परत जाऊन पडली.

आता तिच्या लेन्सबद्दल सांगते.

आकूला शाळेपासून चष्मा. नंबर साडेसहा. अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. स्कूटीवर हेल्मेट, तोंडाला ओढणी, घामानं चष्मा नाकावरून घसरायचा, श्वासानं धुरकटायचा. नोकरी लागली तशी तिनं पहिल्या पगारातून नेत्रतज्ज्ञाकडून डोळे तपासून कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या. बुबुळावर ठेवायच्या, पापडाच्या पापुद्र्याहून नाजूक.

मी सोवळ्यातली बाई आहे. पहाटे अंघोळ केल्याशिवाय देवाला शिवत नाही. सोमवार, गुरुवार, एकादशी, चातुर्मासाचे नेम, सगळं करते. पण आकूचं लेन्सचं सोवळं माझ्याहून कडक होतं. साबणानं हात धुवायची, स्वच्छ कपड्यानं पार कोरडे करायची, मगच लेन्सला बोट लावायची. ठेवायची डबीत, त्यासाठीच मिळणाऱ्या औषधी द्रावणात. रोज जुनं द्रावण ओतून द्यायची, नवीन घालायची. नळाचं पाणी डबीलाही लागू द्यायची नाही. डबीही दर तीन महिन्यांनी नवी. अंघोळीआधी लेन्स काढायची, झोपण्याआधी काढायची, मग दुपारची डुलकी का असेना. महिना झाला की जुनी जोडी टाकायची. एकदा होळीला पोरीबाळी रंग घेऊन दारात आल्या, तर ही म्हणते, "थांबा, आधी डोये काढून ठेवून येते." सगळ्या हसून हसून लोळल्या.

एक वर्ष असं गेलं. डोळ्याला कधी साधी खाज आली नाही.

ती डबी ती देवघराशेजारच्या फळीवर ठेवायची, कारण तिथे धूळ कमी. त्या डबीबद्दल माझी आणखी एक गोष्ट आहे. ती तेव्हा घरात कोणाला माहीत नव्हती. ज्या जागी मला ती सांगावी लागली, त्या जागी सांगेन.

दुसरा गुरुवार. त्या दिवशी चैत्रातली एकादशी होती. पहाटे मी खिचडीसाठी साबुदाणा भिजत घातला, निघताना एक दाणा चिमटीत दाबून पाहिला. उपास करणाऱ्या कुठल्याही बाईचा हात हे न सांगता करतो. दाणा दबला, कणी राहिली नाही, की भिजला.

मांडवात तेच झालं. तेच थेंब, तोच जयजयकार, दुसरी पाकळी. या वेळी बस चुकली म्हणून आम्ही पॅसेंजरनं आलो आणि पाण्यात सोडायचं ते फूल माझ्या पदराच्या गाठीतच राहिलं. घरी पोचलो तेव्हा दिवस अजून होता. आकू पडदे ओढून आतल्या खोलीत पडली. मी स्वयंपाकघरात उभी राहून गाठ सोडली. मनात होतं, निदान फुलझाडाच्या आळ्यात तरी सोडावं.

आणि माझ्या हातानं, मला न विचारता, तो दाणा चिमटीत दाबला.

दबला. कणी राहिली नाही.

मग सकाळच्या पातेल्यावरचं झाकण काढलं, एक दाणा घेतला, तळहातावर त्याच्या शेजारी ठेवला. कुठला घरचा अन कुठला माऊलीचा, मला सांगता आलं नसतं.

"आई, काहून गप झाली?" आकूनं आतून विचारलं. दुखणाऱ्या माणसाचे कान फार तिखट होतात.

"काई नाई गं."

"सांग ना."

मी तिच्या उशाशी जाऊन बसले आणि सांगितलं. तिनं डोळ्यांवरची ओढणी काढली नाही. मग वर्गात बोलते तशा आवाजात म्हणाली, "बाबांच्या दाढीच्या डब्यात जखमेले लावायचं तपकिरी औषध हाय. आयोडिनवालं. ते आन. तीन वाट्या घे. एकीत महाराजाचा दाना, एकीत आपला, तिसरीत नुसतं पानी. तिन्हीत दोन-दोन थेंब टाक."

मी टाकले. खुशालराव दारात येऊन उभे राहिले.

"तिसरी कशी हाय?"

"तपकिरी. औषधासारखीच."

"आपला दाना?"

"निळा पडला. काळसर निळा, दौतीतल्या शाईसारखा."

"अन महाराजाचा?"

समोर वाटी होती आणि ज्या लेकराला ती दाखवायची, त्या लेकराला डोळा उघडता येत नव्हता.

"आई. महाराजाचा रंग सांग."

"तोच," मी म्हटलं. "शाईसारखा."

"स्टार्च," ती म्हणाली. "पोराइले दरसाल शिकवते मी हे. साबुदाना, आलू, भात, ज्यात स्टार्च हाय ते आयोडिननं निळं-काळं होते. डोयातून निंघालेलं काई असं होत नाई." मग म्हणाली, "बोळ्यातच दडवून आनत असन. आता नेशीन ना मले डॉक्टरकडं?"

तिनं विचारलं हे असं. परवानगी मागावी तसं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं अमरावती गाठली. आकूच्या मैत्रिणीनं तिथल्या नेत्रतज्ज्ञ डॉक्टर दीक्षा यांचं नाव सांगितलं होतं. तिशी-पस्तिशीच्या, बारीक अंगाच्या, टेबलावर बुद्धाची वीतभर मूर्ती. त्यांनी यंत्रातून आकूचा डोळा पाहिला. पुष्कळ वेळ पाहिला. मग खुर्ची मागे सरकवली.

"किती दिवस झाले?"

"आज तेरावा," खुशालराव म्हणाले.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मांडवातल्या थेंबांचं ऐकून म्हणाल्या, "भूल देणारे थेंब असतील बहुतेक. आम्ही पण तपासताना एखादा टाकतो. दुखनं थांबते, रोग थांबत नाही. उलट जखम भरत नाही, अन आराम पडला समजून मानूस उशीर करते."

मग त्यांनी आकूला एकेक विचारायला सुरुवात केली. लेन्स घालून झोपली होती का? नाही. अंघोळ केली? नाही. कुठे पोहायला गेली? नाही. डबी नळाखाली धुतली? कधीच नाही. द्रावण संपलं म्हणून साधं पाणी घातलं? नाही. लेन्स थुंकीनं ओली केली? "छी, मॅडम!" आकू त्या दुखण्यातही हसली. दुसऱ्या कोणाची लेन्स घातली? नाही.

"आकांक्षा, तुह्यासारखा पेशंट मले क्वचित भेटते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पन म्हनूनच कोडं पडलं. इतकं दुखनं अन असा डाग पाहून मले पान्यातल्या एका सूक्ष्म जिवाचा संशय येते. साध्या जंतूच्या औषधानं तो मरत नाही. त्याचं औषध वेगळं, कडक, महिनोन्‌महिने चालनारं. अन तू म्हनते पानी लागलंच नाही. एक वर्ष काही झालं नाही, बरोबर? मंग या महिन्या-दोन महिन्यांत नवीन काय झालं? आठव."

"काहीच नाई, मॅडम. सगळं तेच."

खोलीत पंखा फिरत होता. खुशालराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. आकू भुवया आवळून आठवत होती, स्वतःची चूक शोधत होती. माझ्या पोरीला मी तिची नसलेली चूक शोधताना पाहिलं.

"पानी नाई, डॉक्टरबाई," मी म्हटलं. "तीर्थ."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

मग मी सांगितलं. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, पोरगी डोळ्यात काच घालून हिंडते, एक दिवस डोळा जाईल. मला भीती बसली. महाशिवरात्रीला मी नेम धरला, चाळीस दिवसांचा. पहाटे पूजा झाली की आकू उठायच्या आत तिच्या डबीची दोन्ही झाकणं उघडायची आणि तांब्याच्या पळीनं एकेक थेंब तीर्थ आत सोडायचं. म्हटलं, देवाच्या अंगावरून आलेलं पाणी तिच्या डोळ्यांची राखण करील. नेम बोलून दाखवला तर फळत नाही, म्हणून कोणाला सांगितलं नाही. बत्तिसाव्या दिवशी तिचा डोळा लाल झाला.

"तीर्थाचं पानी कुठलं असते, काकू?" डॉक्टरबाईंनी हळू विचारलं.

"नळाचं."

"रोज ताजं?"

"नळ रोज कुठं येते? आला की ड्रमात भरून ठेवतो. पाच-पाच दिवस तेच पुरवतो. त्यातलंच देवाले."

त्यांनी मान हलवली. "तेच पानी पोटात गेलं तर पोट सांभाळून घेते. पन लेन्सखाली अडकलं तर त्यातल्या जिवाले घर भेटते. डबी आनली?"

आणली होती. आकूची सवय, कुठे जायचं तर डबी पिशवीत. त्यांनी डोळ्यावरचा कण आणि डबीतलं द्रावण, दोन्ही तपासायला घेतलं. बाहेर बाकावर आम्ही तिघं एका ओळीत बसलो. संध्याकाळी त्या स्वतः बाहेर आल्या. दोन्हीकडे तोच जीव निघाला होता. अमीबाच्या जातीचा.

"अमीबा," आकू म्हणाली. तिनं हवेत बोटानं एक वेडावाकडा गोल काढला. "दरसाल फळ्यावर काढते मी त्याले. पोरं म्हनतात, मॅडम, हा त नीट गोलही नाई."

मग तिनं चाचपडत माझा हात शोधला. रागानं नव्हे. तेच मला सोसवलं नाही.

दर तासाला थेंब सुरू झाले. आकू तिथेच भरती झाली. तिसरा गुरुवार उजाडला, तेव्हा मी खुशालरावांना म्हटलं, "मले मूर्तिजापूरले न्या. मांडवात."

"काहून? त्याले शिव्या द्यायले? तुले त एक शिवी येत नाई."

"शिव्या नाई द्यायच्या."

पिशवीत मी भिजवलेल्या साबुदाण्याची डबी घेतली, आयोडिनची बाटली घेतली. माणिकबाईंना कळवलं होतं, त्या परस्पर तिथे आल्या, खाली मान घालून. मांडव भरलेला होता. देवराव नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं फूल नुकतंच निघालं होतं. मी पुढे झाले. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, तुमचं फूल मले एक मिनिट दाखवता?"

"दाखवाचं नाई सांगतलं बाई महाराजानं."

"तुमच्या डोयातलं ना? मंग तुमचंच हाय. महाराजाचं कसं?"

म्हातारा चक्रावला आणि त्यानं मूठ उघडली. मी सेवेकऱ्याच्या ताटलीत त्याचं फूल ठेवलं, शेजारी माझ्या डबीतला दाणा ठेवला आणि आधी फुलावर दोन थेंब टाकले. ते शाईसारखं झालं. लोक माना उंचावून पाहायला लागले.

"पाहा!" महाराज माईकमध्ये गरजले. "बाईच्या मनात पाप हाय! पापी हात लागला अन फूल काळं पडलं!"

मी माझ्या दाण्यावर थेंब टाकले. तोही तसाच झाला.

"हा माह्या घरचा साबुदाना हाय, महाराज," मी म्हटलं. माझा आवाज लहान आहे. पण खुशालराव तोवर माईकजवळ पोचले होते आणि त्यांनी तो माझ्यापुढे धरला. "एकादशीले भिजवते तो. याच्याही मनात पाप हाय का?"

कोणीतरी हसलं. मग मागून आवाज आला, "महाराज, खिचडी केव्हा हाय?" हशा पसरला. एक पोरगं सेवेकऱ्याच्या पाठीमागे वाकलं आणि केळीच्या पानानं झाकलेली वाटी उचलून नाचवायला लागलं. वाटीत भिजलेला साबुदाणा होता. देवराव मटकन खाली बसले. हसणं हळूहळू विरलं, कारण त्या मांडवात डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली पुष्कळ माणसं होती आणि त्यांना आता काय झालं ते कोणीतरी कानात सांगत होतं.

महाराज उठले. लोणी संपलेलं होतं. "लय शहानी झाली तू!" ते माझ्यावर ओरडले. "माहं फूल खोटं, त मंग सांग या लोकाइले! तुह्या पोरीच्या डोयात फूल टाकलं कोनं?"

मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. जिंकल्यासारखंच होतं. पण ती माणसं घरी जाणार होती, आणि घरोघरी देवघर होतं, ड्रम होता, पळी होती.

"म्या," मी म्हटलं.

आणि सगळं सांगितलं. डबी, थेंब, चाळीस दिवसांचा नेम. "या महाराजानं माह्या पोरीचे सात दिवस खाल्ले," मी म्हटलं. "पन रोग म्या दिला, मायेनं दिला. त्याच्याकडे कपट होतं, माह्याकडे भक्ती होती. डोयाले दोन्हीतला फरक समजत नाई."

ठाण्यात आम्ही तक्रार दिली, देवरावांनी अंगठा केला. तो मांडव आता तिथे नाही. दुसरीकडे कुठे उभा राहिला असेल तर मला नवल वाटणार नाही.

या गोष्टीला वर्ष होत आलं. आकूचा डोळा वाचला, म्हणजे जागेवर आहे, दुखत नाही. आठ महिने थेंब चालले. पण उजव्या बुबुळावर पांढरा डाग कायमचा राहिला आहे, मोगऱ्याच्या कळीपेक्षा लहान. त्या डोळ्याला उजेड आणि सावली कळते, माणूस कळत नाही. डॉक्टरबाई म्हणतात, कोणाचं तरी नेत्रदान मिळालं तर बुबुळ बदलता येईल, पुष्कळ दिसेल. नाव नोंदवलं आहे. मी आणि खुशालरावांनी आमच्या डोळ्यांचे फॉर्म भरून दिले. आकू पुन्हा चष्मा लावून शाळेत जाते. प्रयोगशाळेत बाटलीतून परीक्षानळीत ओतताना आधी नळीच्या काठाला बोट लावून बघते, कारण एका डोळ्यानं अंतर नीट कळत नाही. घरीही चहा कपाच्या बाहेर सांडतो. ती पुसते आणि पुन्हा ओतते.

मी देवाला सोडलं नाही. माझे उपास, माझे नेम चालू आहेत. पण बायांनो, भक्तीला तिची जागा आहे आणि डोळ्याला त्याची. ज्या घरात लेन्स आहे, तिथे हात धुवून कोरडे करणं हेच सोवळं. डबीत द्रावणाशिवाय काही नाही, ना नळाचं, ना फिल्टरचं, ना गंगेचं. अंघोळीला आणि झोपेला लेन्स बाहेर. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना, की लेन्स काढायची आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं, गुरुवारची वाट पाहायची नाही. कोणी चमत्कार हातावर दिला तर तो पाण्यात सोडू नका, उजेडात धरून पाहा. आणि आपल्या मायेनं काही करायचं असलं, तर ज्याच्यासाठी करतो त्याला आधी विचारा. मी विचारलं असतं, तर आकूनं मला एका वाक्यात सांगितलं असतं.

आज सकाळी पूजा झाली. आकूनं तीर्थासाठी हात पुढे केला. मी पळी धरली होती त्याच्या जरा अलीकडेच तिचा तळहात थांबला. मी पळी तिथवर नेली. तिनं तीर्थ घेतलं आणि लहानपणापासूनच्या सवयीनं तो ओला हात डोळ्यांकडे नेला.

मी तो मधेच धरला. पदरानं पुसला. बोटाबोटांच्या मधूनसुद्धा, पार कोरडा होईपर्यंत.